उताऱ्याचा हिशेब

साखर कारखाना, जलविद्युत केंद्र आणि रेडिओ दुर्बीण यांचा परस्परांशी संबंध जोडण्याचे वरवर पाहता काही कारण नाही. पहिल्यात ऊस जातो आणि साखर निघते, दुसऱ्यात पाणी जाते आणि वीज निघते, तिसरीत आकाशातून आलेल्या अतिक्षीण लहरी जातात आणि संगणकाच्या पडद्यावर एक चित्र उमटते. तरीही या तिन्हींचा सांगाडा एकच आहे : एका बाजूने काहीतरी आत घेतले जाते, त्यावर ठरलेल्या क्रमाने संस्कार होतात आणि दुसऱ्या बाजूने वेगळेच काहीतरी बाहेर पडते. आत येणाऱ्याला आदान, बाहेर पडणाऱ्याला प्रदान आणि मधल्या व्यवस्थेला प्रणाली म्हणण्याची शास्त्रीय मराठीत रूढी आहे. पश्चिम महाराष्ट्रात अशा तिन्ही प्रकारच्या प्रणाली एकमेकींपासून काही तासांच्या अंतरावर पाहायला मिळतात. कोल्हापूर-सांगलीच्या पट्ट्यातील साखर कारखाने पदार्थाचे रूपांतर करतात, सह्याद्रीच्या पोटातील कोयना प्रकल्प ऊर्जेचे करतो आणि जुन्नर तालुक्यातील खोडद येथील महाकाय रेडिओ दुर्बीण माहितीचे करते.

अशा प्रणालींविषयीची सर्वसाधारण चर्चा किती घातले आणि किती निघाले या दोन आकड्यांवर थांबते. तिथे काम करणाऱ्या माणसांचा दिवस मात्र या दोन आकड्यांच्या मधल्या जागेत जातो. आत आलेल्यापैकी काय कुठे गळाले, ती गळती कशाने मोजली आणि बाहेरची परिस्थिती सारखी बदलत असताना प्रदान स्थिर कसे राखले, हे त्यांचे रोजचे प्रश्न असतात. या मधल्या जागेकडे पाहिल्याशिवाय कोणत्याही प्रणालीच्या उताऱ्याचा अर्थ लागत नाही.

काहील आणि पॅन

ऊस हा प्रामुख्याने पाण्याचा साठा आहे. १०० किलो उसात साधारण ७० किलो पाणी, १२ ते १५ किलो तंतू आणि १२ ते १४ किलो साखर असते. उरलेल्या थोड्या भागात ग्लुकोजसारख्या इतर शर्करा, आम्ले, क्षार आणि मेणासारखी द्रव्ये असतात. गूळ किंवा साखर करायची म्हणजे या मिश्रणातून आधी तंतू, मग मळ आणि शेवटी पाणी वेगळे करत जायचे आणि हे करताना साखर मोडू द्यायची नाही. साखरेचा रेणू आम्लाच्या सान्निध्यात आणि उष्णतेने फुटतो, त्याचे ग्लुकोज आणि फ्रुक्टोज होतात आणि मग त्यांपासून साखरेचा दाणा धरत नाही. ऊस तुटल्यावर ही नासाडी थांबवून धरता येत नाही, म्हणून तोडलेला ऊस शक्यतो २४ तासांच्या आत गाळला जावा असा आग्रह असतो. फडातील तोडणीच्या टोळीपासून कारखान्याच्या काट्यापुढे लागलेल्या बैलगाड्या आणि ट्रॅक्टरच्या रांगेपर्यंत जी धावपळ हंगामभर दिसते, तिच्यामागे ही रासायनिक घाई असते.

कोल्हापूर परिसरातील गुऱ्हाळात हे सगळे टप्पे उघड्यावर, एकाच छपराखाली चालतात. घाण्यातून निघालेला रस काहिलीत पडतो, चुलवाणात जळव्या वाळलेली चिपाडे सारत राहतो, रसात भेंडीच्या खोडाचे चिकट पाणी आणि चुना घातला की मळ गोळा होऊन वर येतो आणि तो झाऱ्याने काढून टाकला जातो. पुढे पाक दाट होत जातो तशी सर्व सूत्रे गुळव्याच्या हाती येतात. उकळीचा आवाज, फेसाचा रंग आणि थंड पाण्यात टाकलेल्या पाकाची बोटांत वळणारी गोळी यांवरून तो काहील उतरवण्याचा क्षण ठरवतो. क्षण चुकून थोडा आधी आला तर ढेप मऊ राहते आणि उशिरा आला तर गूळ करपून काळवंडतो. येथे आदान आणि प्रदान यांच्यामधले मोजमापाचे उपकरण एक अनुभवी माणूस आहे आणि निर्णय घेणारा नियंत्रकही तोच आहे.

साखर कारखान्यात हीच कामे वेगवेगळ्या यंत्रांना वाटून दिलेली असतात. गव्हाणीत पडलेला ऊस पात्यांखाली तुकडे होऊन आणि पुढे पिंजला जाऊन एकामागोमाग एक मांडलेल्या गिरण्यांमध्ये शिरतो. शेवटच्या गिरणीकडे जाणाऱ्या चिपाडावर गरम पाणी मारले जाते आणि तिथून निघालेला पातळ रस मागच्या गिरणीतील चिपाडावर सोडला जातो. असे करत रस आणि चिपाड उलट दिशांनी प्रवास करतात. सर्वांत कोरे पाणी सर्वांत कमी साखर उरलेल्या चिपाडाला भेटावे, म्हणजे तेही थोडी साखर सोडते, हा या उलट्या प्रवाहाचा हेतू असतो. निघालेला रस आम्लधर्मी असल्यामुळे त्यात चुन्याची निवळी आणि गंधकाचा धूर देऊन तो उदासीनतेच्या जवळ, म्हणजे ७ पीएचच्या आसपास आणला जातो. चुना कमी पडला तर साखर फुटते, जास्त झाला तर इतर शर्करा मोडून रस काळपट होतो. प्रणालीच्या प्रत्येक टप्प्यावर अशी दोन्ही बाजूंना कडा असलेली अरुंद वाट असते.

पाणी उडवण्याच्या टप्प्यावर कारखाना गुऱ्हाळापासून पूर्णपणे वेगळा होतो. काहिलीवरची वाफ हवेत जाते आणि तिच्यासोबत चिपाडांची उष्णताही जाते. कारखान्यात मात्र बाष्पीभवनाची चार-पाच भांडी ओळीने जोडलेली असतात आणि पहिल्या भांड्यातील रसाची वाफ दुसऱ्या भांड्यातील रस उकळण्यासाठी वापरली जाते. आधीच्या भांड्याच्या वाफेवर पुढचे भांडे उकळावे यासाठी प्रत्येक पुढच्या भांड्यातील दाब कमी ठेवलेला असतो, कारण दाब घटला की द्रव कमी तापमानालाही उकळतो. अशा रचनेत एक किलो वाफेच्या खर्चात ढोबळ मानाने तीन-चार किलो पाणी उडते. ही युक्ती एकोणिसाव्या शतकाच्या मध्याला अमेरिकेतील लुइझियानाच्या उसाच्या पट्ट्यात नॉर्बर्ट रिल्यू या कृष्णवर्णीय वंशाच्या अभियंत्याने व्यवहारात आणली आणि पुढे ती साखरेबाहेर दूध आटवण्यापासून समुद्राच्या पाण्यातील क्षार काढण्यापर्यंत पसरली.

शेवटचा टप्पा पॅनचा. निर्वात भांड्यात पाक इतका दाट केला जातो की त्यात सामान्यतः मावेल त्याहून जास्त साखर विरघळलेली राहते. त्यात बारीक दाण्याचे बीज सोडले की अतिरिक्त साखर त्या दाण्यांवर चढत जाते. पाक याहून दाट झाला तर नवेच बारीक दाणे जागोजागी धरतात आणि साखर एकसारखी होत नाही; पातळ झाला तर असलेले दाणेही विरघळतात. पडद्यावर तापमान, निर्वात आणि घनता यांचे आकडे दिसत असतानाही पॅनमन मधूनमधून नमुना काढतो, काचेच्या पट्टीवर पसरतो आणि उजेडात धरून दाणा पाहतो. गुळव्याचे कसब नाहीसे न होता पॅनजवळ उभे राहिले आहे. दाणा आणि पाक यांचे दाट मिश्रण वेगाने फिरणाऱ्या जाळीदार भांड्यात टाकले की पाक बाहेर फेकला जातो आणि साखर आत राहते. वेगळा झालेला पाक पुन्हा पॅनमध्ये जातो आणि साधारण तीन फेऱ्यांनंतर जो काळा, घट्ट द्रव उरतो त्याला अंतिम मळी म्हणतात. तिच्यातही बरीच साखर असते. परंतु अशुद्धीचे प्रमाण इतके वाढलेले असते की तिचे स्फटिक करणे परवडत नाही.

चार रकाने

कारखान्याच्या प्रयोगशाळेत या प्रवासाचा ताळेबंद रोज मांडला जातो आणि तो मांडण्यासाठी दोन मापे मूलभूत मानली जातात. रसात विरघळलेल्या एकूण घन द्रव्याचे माप ब्रिक्स या एककात सांगतात. त्यातील साखरेचा अंश पोल या नावाने ओळखला जातो आणि तो प्रकाशाच्या साहाय्याने मोजतात, कारण साखरेचे द्रावण ध्रुवित प्रकाशाचे प्रतल फिरवते आणि किती फिरवले यावरून साखर किती ते कळते. पोलला ब्रिक्सने भागले की रसाची शुद्धता मिळते. शुद्धतेच्या आकड्यावरून पाक पुन्हा पॅनमध्ये घ्यायचा की नाही हे ठरते.

उसातून आलेली साखर एका बाजूला आणि पोत्यात भरलेली साखर दुसऱ्या बाजूला मांडली की मधला फरक चार रकान्यांत वाटला जातो : चिपाडाबरोबर गेलेली, गाळाच्या चोथ्याबरोबर म्हणजे प्रेसमडबरोबर गेलेली, अंतिम मळीत राहिलेली आणि अज्ञात. शेवटच्या रकान्याला तांत्रिक अहवालात मानाचे स्थान आहे. गळकी नळी, पंपाभोवती सांडलेला रस, जिवाणूंनी खाल्लेली साखर, उष्णतेने फुटलेले रेणू आणि मोजमापातील चूक या सगळ्यांची बेरीज तिथे येते. हा रकाना फुगू लागला की कारखान्यात शोध सुरू होतो. पदार्थाचे रूपांतर करणाऱ्या प्रणालीला ही सोय निसर्गाने दिलेली आहे, कारण रासायनिक प्रक्रियेत वस्तुमान नाहीसे होत नाही, म्हणजे जे दिसत नाही ते कुठेतरी असलेच पाहिजे.

१०० किलो उसामागे महाराष्ट्रात साधारण १० ते ११ किलो साखर, २८ ते ३० किलो ओले चिपाड, ४ किलोंच्या आसपास मळी आणि ३ ते ४ किलो प्रेसमड निघते. बाकीचा बहुतेक भाग पाण्याची वाफ होतो. ही वाफ थंड करून पुन्हा वापरली तर कारखान्याला लागणारे बरेचसे पाणी उसातूनच मिळू शकते, म्हणजे दिवसाला ५,००० टन गाळप करणारा कारखाना उसाबरोबर रोज सुमारे ३,५०० टन पाणीही विकत घेत असतो. चिपाड बॉयलरमध्ये जाते, त्याच्या वाफेवर टर्बाइन फिरून वीज तयार होते आणि टर्बाइनमधून बाहेर पडलेली कमी दाबाची वाफ रस आटवण्याच्या कामी येते. सहवीजनिर्मिती या नावाने ओळखल्या जाणाऱ्या या व्यवस्थेत कारखान्याची गरज भागवून उरलेली वीज महावितरणसारख्या कंपन्यांना विकली जाते. पूर्वी आवारात ढिगाने पडून राहणारे चिपाड त्यामुळे उत्पन्नाच्या बाजूला गेले आहे.

शेतकऱ्याच्या दृष्टीने या ताळेबंदातील एकच आकडा निर्णायक असतो आणि तो साखर उतारा. केंद्र सरकार ठरवते तो रास्त व किफायतशीर दर, म्हणजे एफआरपी, उताऱ्याशी बांधलेला आहे; २०२४-२५ च्या हंगामासाठी १०.२५ टक्के उताऱ्याला क्विंटलमागे ३४० रुपये असा तो होता आणि त्यापुढे उतारा वाढेल तसा दर वाढण्याची तरतूद होती. हा उतारा संपूर्ण कारखान्याचा सरासरी असतो. ज्याचा ऊस वेळेवर तुटला आणि ज्याचा फडात वाळत राहिला त्या दोघांना वजनावर एकाच दराने पैसे मिळतात, कारण प्रत्येक गाडीतील साखर वेगळी मोजून तिचा वेगळा हिशेब ठेवण्याची व्यवस्था प्रचलित नाही. काटामारी आणि उताराचोरी हे शब्द ऊस आंदोलनांत वारंवार ऐकू येतात. वजनकाटा आणि प्रयोगशाळेतील नळी ही मोजमापाची ठिकाणे ज्याच्या ताब्यात, त्याच्या हातात प्रणालीचे प्रदान ठरवण्याची सत्ता येते.

पोफळीच्या उतारावर

कोयना नदीचा नैसर्गिक मार्ग पूर्वेकडचा आहे. महाबळेश्वरजवळ उगम पावून ती आधी दक्षिणेकडे आणि मग पूर्वेकडे वळून कऱ्हाडला कृष्णेला मिळते. तिच्या खोऱ्याच्या पश्चिमेला काही किलोमीटरवर सह्याद्रीचा कडा तुटून कोकणात उतरतो. धरणातील पाणी बोगद्याने या कड्यापर्यंत नेले तर ते शेकडो मीटर खाली सोडता येईल, या एका भौगोलिक संधीवर कोयना जलविद्युत प्रकल्प उभा आहे. शिवसागर जलाशयातील पाणी नवजाजवळ अधिजल भुयारात शिरते, उल्लोळ विहिरीपाशी पोहोचते, तिथून दाबनलिकांतून जवळजवळ सरळ खाली उतरते आणि डोंगराच्या पोटात खोदलेल्या पोफळीच्या भूमिगत वीजगृहात टर्बाइनवर आदळते. १९६२ पासून येथे वीज तयार होत आहे आणि पुढच्या टप्प्यांसह प्रकल्पाची स्थापित क्षमता १,९६० मेगावॅट झाली आहे. चौथ्या टप्प्यासाठी जलाशय रिकामा न करता त्याच्या तळाशी स्फोटाने भोक पाडून पाणी बोगद्यात घेतले गेले; १३ मार्च १९९९ रोजी झालेले हे काम लेक टॅपिंग या नावाने मराठी वर्तमानपत्रांतून घरोघर पोहोचले.

पहिल्या दोन टप्प्यांत पाण्याची पडण्याची उंची सुमारे ४७५ मीटर आहे. वस्तुमान, गुरुत्वाकर्षण आणि उंची यांचा गुणाकार केला तर एक घनमीटर, म्हणजे १,००० लिटर पाण्यातून तत्त्वतः १.३ युनिटच्या जवळ वीज मिळायला हवी. बोगद्यातील घर्षण आणि यंत्रांतील तूट वजा जाता सव्वा युनिटच्या थोडी आतली वीज हाती येते. एक टीएमसी पाणी म्हणजे २.८३ कोटी घनमीटर, त्यामुळे त्याचा विजेतील उतारा सव्वातीन कोटी युनिटच्या आसपास पडतो. दहा टक्क्यांच्या जवळपास तूट हा ऊर्जेच्या रूपांतरात उत्तम मानला जाणारा आकडा आहे. कोळशाच्या औष्णिक केंद्रात कोळशातील उष्णतेपैकी साधारण एक तृतीयांशाच्या थोड्या पुढेच विजेत उतरते, आणि यात तिथल्या अभियंत्यांचा काही दोष नसतो. उष्णतेचे कामात रूपांतर करताना काही भाग थंड बाजूला सोडावाच लागतो आणि ही मर्यादा तापमानांतील फरकावरून ठरते, हे सादी कार्नो या फ्रेंच अभियंत्याने १८२४ मध्ये दाखवून दिले होते. पडणाऱ्या पाण्याला ती मर्यादा लागू नाही. म्हणून दोन वेगळ्या क्षेत्रांतील कार्यक्षमतेचे टक्के शेजारी ठेवून एक प्रणाली हुशार आणि दुसरी ढिसाळ ठरवणे चुकीचे असते. प्रत्येकीची तुलना तिच्यावरील निसर्गनियमाच्या कमाल मर्यादेशी करावी लागते.

पोफळीतील टर्बाइन पेल्टन जातीची आहेत. लेस्टर पेल्टन याने कॅलिफोर्नियातील सोन्याच्या खाणींच्या परिसरात काम करताना बनवलेल्या या चाकाचे एकस्व १८८० मध्ये घेतले. चाकाच्या कडेला जोडवाट्यांसारखी पात्रे बसवलेली असतात आणि नोझलमधून सेकंदाला ९० मीटरहून अधिक वेगाने सुटलेली पाण्याची धार त्यांच्या मधल्या धारेवर आदळून दोन्ही बाजूंना उलट फिरते. पात्राचा वेग धारेच्या साधारण निम्मा ठेवला की उलट फिरलेल्या पाण्यात जमिनीच्या संदर्भात जवळजवळ काही वेग उरत नाही, ते नुसते खाली गळून पडते. यंत्रातून बाहेर पडणारे पाणी जितके सुस्त, तितकी त्यातली ऊर्जा चाकाने घेतलेली असते. वीजगृहातून बाहेर पडणाऱ्या या पाण्याला अवजल म्हणतात. ते कोळकेवाडी धरणात अडवून तिसऱ्या टप्प्यात पुन्हा वापरले जाते आणि त्यानंतर वाशिष्ठी नदीतून अरबी समुद्राकडे जाते.

क्षणाक्षणाची जुळवणी

साखर गोदामात ठेवता येते, वीज मोठ्या प्रमाणावर तशी साठवता येत नाही. जितकी मागणी तितकीच निर्मिती त्या क्षणाला व्हावी लागते आणि दोहोंचा मेळ बसतो की नाही हे वारंवारितेवरून कळते. भारतात ती ५० हर्ट्झ ठरलेली आहे. मागणी निर्मितीपेक्षा वाढली की देशभरच्या जाळ्यात जोडलेली जनित्रे किंचित मंदावतात आणि वारंवारिता घसरते. मागणी घटली की ती वर चढते. ही घसरण टिपून टर्बाइनकडे जाणारे पाणी वाढवणाऱ्या यंत्रणेला गव्हर्नर म्हणतात. प्रदान मोजून त्याच्या आधारे आदान बदलण्याच्या या तत्त्वाला प्रत्याभरण असे नाव आहे. जेम्स वॉट याने १७८८ मध्ये वाफेच्या इंजिनावर फिरते गोळे बसवून ते वापरले, जेम्स क्लार्क मॅक्सवेल याने १८६८ मध्ये त्याचे गणित मांडले आणि नॉर्बर्ट वीनर याने १९४८ मध्ये यंत्रे आणि सजीव या दोहोंना लागू पडणाऱ्या शास्त्राचा दर्जा त्याला दिला.

प्रत्याभरण कागदावर सोपे दिसते, परंतु प्रणालीला स्वतःचे जडत्व असल्यामुळे प्रत्यक्षात ते नाजूक असते. जलविद्युत केंद्रात नोझल अधिक उघडले की वीज लगेच वाढेल असे वाटते; पहिल्या क्षणी ती उलट किंचित घटते, कारण बोगद्यातील पाण्याच्या प्रचंड स्तंभाला वेग घ्यायला वेळ लागतो आणि तोवर नोझलपाशी दाब उतरतो. या क्षणिक घटीने घाबरून नियंत्रकाने नोझल आणखी उघडले तर पुढच्या क्षणी वीज गरजेपेक्षा जास्त वाढते आणि मग वरखाली हेलकावे सुरू होतात. उलट बाजूने, विजेची तार तुटून भार एकाएकी नाहीसा झाला आणि नोझल झटकन बंद केले, तर धावणाऱ्या पाण्याचा धक्का नळ फोडू शकेल. त्यासाठी आधी एक पट्टी आडवी येऊन धार चाकावरून बाजूला वळवते, मग नोझलची सुई सावकाश मिटते आणि बोगद्यातील पाणी उल्लोळ विहिरीत चढून आपला जोर जिरवते. डोंगरात खोदलेली ही रिकामी विहीर एका युनिटचीही वीज देत नाही. तिच्यावाचून मात्र प्रकल्प सुरक्षितपणे चालू शकत नाही. ३० आणि ३१ जुलै २०१२ रोजी उत्तर भारतात आणि त्यांपैकी दुसऱ्या दिवशी पूर्व व ईशान्य भारतातही वीजजाळे कोसळले तेव्हा निर्मितीची यंत्रे जागेवर होती, बिघडली होती ती जुळवणी.

खोडदचे आकाश

पुण्याच्या उत्तरेला सुमारे ८० किलोमीटरवर, नारायणगावजवळच्या खोडद परिसरात शेतांच्या मध्येच ४५ मीटर व्यासाच्या तबकड्या उभ्या आहेत. त्यांची एकूण संख्या ३० आहे. १४ मध्यवर्ती भागात जवळजवळ आणि उरलेल्या १६ इंग्रजी वाय अक्षराच्या आकाराच्या तीन शाखांवर पसरलेल्या, ज्यांतील टोकाच्या तबकड्यांमधले अंतर २५ किलोमीटरपर्यंत जाते. जायंट मीटरवेव्ह रेडिओ टेलिस्कोप, म्हणजेच जीएमआरटी, ही दुर्बीण टाटा मूलभूत संशोधन संस्थेच्या राष्ट्रीय रेडिओ खगोलभौतिकी केंद्राने प्रा. गोविंद स्वरूप यांच्या नेतृत्वाखाली उभारली. तबकड्या भरीव पत्र्याऐवजी तारेच्या जाळीच्या आहेत. टिपायच्या लहरींची लांबी जाळीच्या छिद्रांच्या कितीतरी पट असल्यामुळे त्या लहरींना जाळी आरशासारखीच असते, वारा मात्र आरपार जातो, त्यामुळे सांगाडा हलका आणि स्वस्त करता आला.

येथील आदान इतके क्षीण असते की आकाशातील स्रोतापेक्षा यंत्राची स्वतःची खरखर मोठी असते. म्हणून तबकडीच्या नाभीशी आलेला संकेत सर्वप्रथम कमी खरखरीच्या प्रवर्धकातून वाढवला जातो, प्रकाशतंतूंच्या तारांतून मध्यवर्ती इमारतीत आणला जातो आणि तिथे त्याचे अंकांत रूपांतर होते. ४०० मेगाहर्ट्झ रुंदीचा पट्टा नोंदवायचा तर सेकंदाला किमान ८० कोटी नमुने घ्यावे लागतात, आणि हे प्रत्येक तबकडीसाठी वेगळे. त्यानंतर प्रत्येक तबकडीचा संकेत प्रत्येक दुसऱ्या तबकडीच्या संकेताशी गुणला जातो. ३० तबकड्यांच्या अशा ४३५ जोड्या होतात. दोन तबकड्यांच्या खरखरींचा एकमेकींशी संबंध नसल्यामुळे गुणाकारांची सरासरी काढली की खरखर विरत जाते आणि दोघींकडे समान असलेला आकाशातील संकेत शिल्लक राहतो. हे साधण्यासाठी एकाच लहरीला दूरच्या तबकडीपर्यंत पोहोचायला लागलेला जादा वेळ, जो २५ किलोमीटरला फार तर ८३ मायक्रोसेकंद असतो, अचूक भरून काढावा लागतो.

जवळच्या तबकड्यांच्या जोड्या आकाशाचे ढोबळ रूप नोंदवतात आणि दूरच्या जोड्या बारकावे. पृथ्वी फिरते तशा या जोड्या आकाशाच्या संदर्भात आपली दिशा बदलत जातात आणि काही तासांत पुष्कळ नोंदी मिळतात. या नोंदींपासून चित्र काढण्याचे गणित जोसेफ फूरिए याने १८२२ मध्ये उष्णतेच्या अभ्यासासाठी मांडलेल्या विश्लेषणावर आधारलेले आहे. परंतु नोंदी कधीच पूर्ण नसतात. जिथे तबकड्यांची जोडी नाही तिथे रिकामी जागा राहते आणि चित्रात खऱ्या स्रोताभोवती खोटी वलये उमटतात. ती काढून टाकण्याची क्लीन नावाची पद्धत यान होग्बोम याने १९७४ मध्ये सुचवली. आकाशाचा बराच भाग रिकामा आहे आणि तेज मोजक्या बिंदूंत साठलेले आहे, हे तिचे गृहीत आहे. ते लागू पडते तिथे चित्र उत्तम येते; विरळ, पसरट तेजाच्या ठिकाणी ते जपून वापरावे लागते.

साखरेच्या आणि विजेच्या प्रणालींपासून माहितीची प्रणाली येथे फुटून निघते. उसात नसलेली साखर कोणताही पॅन देऊ शकत नाही. माहितीच्या क्षेत्रात मात्र आदानात नसलेली गोष्ट प्रदानात दिसू शकते, कारण संस्कार करणाऱ्याचे गृहीत चित्रात मिसळते. क्लॉड शॅनन याने १९४८ मध्ये पाया घातलेले माहितीशास्त्र सांगते की संकेत एकदा हाती आल्यावर त्यावर कितीही प्रक्रिया केली तरी मूळ स्रोताविषयीची माहिती त्याने वाढत नाही, फार तर टिकते. उरलेले सगळे आधीच माहीत असलेल्या किंवा मानलेल्या गोष्टींतून येते. म्हणूनच निरीक्षणाच्या मध्येमध्ये दुर्बीण ज्याचे तेज आधीच पक्के ठाऊक आहे अशा स्रोताकडे वळवून आपल्या मापाची शहानिशा करते, मोबाइल मनोरे, विजेच्या तारा आणि विमाने यांमुळे दूषित झालेल्या नोंदी वगळते आणि प्रसिद्ध होणाऱ्या चित्रासोबत त्यातील खरखरीची पातळीही देते. आज छायाचित्रे सुधारणाऱ्या आणि मजकूर लिहिणाऱ्या संगणकीय प्रणाली घरोघर पोहोचल्या असताना, आदान किती आणि गृहीत किती हे वेगळे सांगण्याची ही शिस्त दुर्मिळ होत चालली आहे.

सीमारेषा कोण आखतो

तिन्ही ठिकाणी प्रदान म्हणून जे मोजले जाते ते प्रणालीची सीमा कुठे आखली यावर अवलंबून आहे आणि ही सीमा निसर्ग आखत नाही. मळी हे त्याचे ठळक उदाहरण आहे. तिसऱ्या फेरीऐवजी दुसऱ्या फेरीनंतरच पाक बाजूला काढला, म्हणजे बी हेवी मळी घेतली, तर इथेनॉल जास्त मिळते आणि साखर कमी. त्याच उसाचा साखर उतारा कागदावर घसरतो आणि उसाचा दर ठरवताना ती न काढलेली साखर हिशेबात धरण्याची वेगळी व्यवस्था करावी लागते. डिसेंबर २०२३ मध्ये साखरेचे उत्पादन घटण्याच्या शक्यतेमुळे केंद्र सरकारने उसाच्या रसापासून इथेनॉल करण्यावर बंधन घातले, तेव्हा कारखान्यातील एकही यंत्र बदलले नव्हते, तरी त्याचे प्रदान बदलले. इथेनॉलच्या प्रत्येक लिटरमागे त्याच्या कित्येक पट काळपट सांडपाणी निघते. ते ओढ्यात सोडले की कारखान्याच्या ताळेबंदातून नाहीसे होते आणि गावाच्या विहिरीत प्रकट होते.

कोयनेचा हिशेबही असाच दोन ठिकाणांहून दोन प्रकारचा दिसतो. वीज केंद्राच्या दृष्टीने पश्चिमेकडे सोडलेले पाणी हे आदान आहे. कृष्णा खोऱ्यातील दुष्काळी तालुक्यांच्या दृष्टीने ती खोऱ्याबाहेर गेलेली गळती आहे, आणि म्हणूनच कृष्णा पाणीवाटपात या वळवलेल्या पाण्याला ६७.५ टीएमसीची मर्यादा घातलेली आहे. मुंबई आणि कोकणाच्या दृष्टीने तेच अवजल पिण्याच्या पाण्याचा संभाव्य स्रोत आहे. ११ डिसेंबर १९६७ च्या पहाटे झालेला कोयनेचा विनाशकारी भूकंप जगभरचे भूशास्त्रज्ञ जलाशयप्रेरित भूकंपांचे प्रमुख उदाहरण म्हणून अभ्यासतात. कोणत्याही प्रकल्प अहवालात त्याचा प्रदान म्हणून रकाना नव्हता. खोडदला आयनांबरामुळे लहरींत येणारा विक्षेप खगोलशास्त्रज्ञ काढून टाकतात, तर वातावरणाचा अभ्यासक त्या विक्षेपालाच संकेत मानतो.

सीमेबाहेर राहिलेल्या गोष्टींत माणसेही असतात. बीड आणि आसपासच्या जिल्ह्यांतून हंगामात येणारी तोडणी कामगारांची जोडी ऊस व्यवसायाच्या हिशेबात एक कोयता म्हणून नोंदली जाते; तिच्याबरोबर आलेल्या मुलांची बुडालेली शाळा त्या हिशेबात येत नाही. उसाला दिलेले भूगर्भातील पाणी साखरेच्या उताऱ्यात धरले जात नाही. धरणाखाली गेलेल्या गावांतील कुटुंबांच्या पुनर्वसनाचा प्रश्न युनिटच्या दरात मावत नाही.

यावरून तंत्रज्ञानाकडे संशयाने पाहावे असा निष्कर्ष निघत नाही. चिपाडाचा इंधन म्हणून, अवजलाचा दुसऱ्या धरणासाठी आणि गरम पाण्याचा गिरणीसाठी झालेला वापर हे सीमा थोडी बाहेर सरकवल्याचेच लाभ आहेत. साखर कारखान्याच्या प्रयोगशाळेने जी सवय जपली आहे ती मात्र सार्वजनिक व्यवहारातील प्रत्येक प्रणालीला लावली पाहिजे. एखाद्या प्रकल्पाचा, योजनेचा किंवा संगणकीय यंत्रणेचा उतारा सांगितला गेला की मोजमाप कुठे केले, ते कोणाच्या ताब्यात होते, सीमेबाहेर काय ठेवले आणि अज्ञात तोटा किती दाखवला, हे नागरिकाने विचारावे. ज्या ताळेबंदात अज्ञात तोट्याचा रकानाच नाही, तो ताळेबंद तपासल्याशिवाय स्वीकारू नये.